जावक क्रमांक चारशे सतरा

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. ऑफिसात, सभागृहाच्या गॅलरीत, खालच्या कॅन्टीनमध्ये सगळे त्यांना संदर्भराव म्हणत. कुणी येऊन सांगितलं, की अमक्या दवाखान्यात सहा महिने डॉक्टर नाही, की यांचा पहिला प्रश्न, “संदर्भ काय?” मग कागद, तारीख, सही, शिक्का. घरीही तोच खाक्या. बायको शेजारणीला सांगायची, “यांना म्हटलं ना, घर पेटलंय, तर आधी विचारतील, कुणी पाहिलं आणि किती वाजता पाहिलं.”

त्यांचं काम त्या स्वभावाला साजेसं होतं. विरोधी पक्षानं सरकारच्या एकेका खात्यावर आपला एकेक प्रवक्ता नेमला होता. त्या खात्यात काय चाललंय ते बघायचं, चुकलं तिथे बोट ठेवायचं, मंत्र्याला सभागृहात उभं करून उत्तर द्यायला लावायचं. आरोग्य खातं मॅडमकडे होतं. मॅडम राजकारणात येण्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि अजूनही समोरचा चुकला की त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघायच्या. मंत्र्याच्या दिमतीला अख्खं खातं होतं, सचिवांपासून शिपायांपर्यंत. मॅडमच्या दिमतीला संदर्भराव, एक टेबल आणि दोन कपाटं. प्रश्न मॅडम विचारायच्या. तो लिहायचे संदर्भराव. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून तीन प्रवक्ते गेले. कपाटं तीच राहिली.

प्रश्न लिहिणं ही गंमत नव्हे, हे ते नव्या माणसाला सांगत. खात्यात उत्तरं लिहिणारे बसलेले असतात आणि ते काही कच्च्या गुरूचे चेले नसतात. “दवाखान्यात औषधं नाहीत हे खरं आहे काय?” असं विचारलं, की उत्तर येतं, “हे अंशतः खरे आहे.” पुढे काही नाही. एकदा तर फार वाईट झालं होतं. एका दवाखान्यानं रक्तपेढीसाठी पत्र पाठवल्याचा उल्लेख त्यांनी प्रश्नात केला, पण पत्राचा क्रमांक दिला नाही. मंत्री उठले आणि म्हणाले, “असे पत्र खात्यास प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही.” समोरचे बाक हसले. मॅडम खाली बसल्या. नंतर ऑफिसात येऊन त्यांनी चष्मा काढून संदर्भरावांच्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “पुन्हा असं नको.” त्या दिवसापासून संदर्भरावांनी कानाला खडा लावला. पत्राचा उल्लेख असेल तर जावक क्रमांक आणि तारीख असणारच. क्रमांक दिला, की खात्याला पळायला वाट राहत नाही.

दुसरीही एक गोष्ट त्यांच्या घशात अडकून होती. दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या औषधांचा प्रश्न मॅडमनी लावून धरला होता. तीन दिवस सभागृह गाजलं. चौथ्या दिवशी मंत्र्यांनी जाहीर केलं, की दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात आली आहे. पक्षाच्या ऑफिसात टाळ्या वाजल्या. संदर्भरावांनी नंतर चौकशी केली, तेव्हा कळलं, दोषी म्हणजे गोदामातला एक औषधनिर्माता, ज्यानं स्वतःच चार वेळा वर कळवलं होतं. प्रश्न वरून सुटतो तेव्हा मंत्र्याच्या नावानं सुटतो, पण सचिव, संचालक, अधीक्षक असं करत एकेक पायरी खाली घरंगळत जातो आणि ज्याच्या खाली आणखी कुणी नाही त्याच्या डोक्यावर पडतो. हे त्यांना कळत होतं. त्यावर उपाय काय, हे कळत नव्हतं.

या सगळ्यात त्यांचे साडू कुठून आले, ते आता सांगायला हवं.

संदर्भरावांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, हिचे यजमान शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात हेडक्लार्क होते. माणूस सरळ, थोडा तिरसट, बुटांना रोज पॉलिश करणारा. दोघा साडूंचं एकमेकांशी बरं जमायचं, कारण दोघांनाही कागद आवडायचे आणि दोघांच्याही बायकांना ते आवडायचे नाहीत. पण एक अलिखित करार होता. एक सरकारी नोकर, दुसरा विरोधी पक्षाच्या ऑफिसातला. त्यामुळे इस्पितळाचा विषय घरात काढायचा नाही. ऑफिसातही संदर्भरावांनी आपले साडू कोण, कुठे, हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो करार एका रविवारी दुपारी साडूंनीच मोडला.

साडूंच्या घरी जेवणं झाली होती. बहिणी आत भांडी आवरत होत्या. साडूंनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “साडूभाऊ, आमच्या इस्पितळातली लिफ्ट चौदा महिने पहिल्या मजल्याच्या वर जात नाही.”

“बंद आहे म्हणा ना.”

“बंद नाही, तीच तर गंमत आहे. तळमजल्यावरून पहिल्यावर जाते. पहिल्यावर काय आहे, तर अधीक्षकांचं ऑफिस. हृदयरोग आणि बाळंतपणाचा वॉर्ड तिसऱ्यावर. आम्ही लिहायचं, ‘उद्वाहन कार्यरत आहे.’ खोटं आहे का? नाही.”

“मग पेशंट कसे जातात?”

“उचलून. चादरीत, खुर्चीत, जमेल तसं.” साडूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. “मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आले. छातीत दुखत होतं. तिघेच कामगार होते, चौथा मिळेना. मी फाइल घेऊन जिन्यावरून उतरत होतो. म्हटलं, द्या एक कोपरा माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावर वळताना चादर एकदम जड लागली. तुम्ही कधी असं काही उचललंय? माणूस जिवंत असतो तेव्हा थोडा स्वतःला धरून असतो. ते धरणं सुटलेलं हाताला कळतं.”

 संदर्भरावांना संदर्भ विचारायचं सुचलं नाही, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

साडू उठले, आतल्या कपाटातून एक खाकी पाकीट घेऊन आले. “सात पत्रं लिहिली संचालकांना. मसुदा माझा, सही अधीक्षकांची. सहांना उत्तर नाही. सातव्यात मी त्या म्हाताऱ्यांचं सगळं लिहिलं, वेळेसकट. अधीक्षकांनी न वाचताच सही केली. पुढच्या आठवड्यात वर चौकशी केली, तर म्हणतात, असं पत्रच आलं नाही. ही ऑफिसातली प्रत. कपाटात ठेवली तर हीसुद्धा नाहीशी होईल म्हणून घरी आणली. नियमात बसत नाही, माहीत आहे मला. वाचा.”

संदर्भरावांनी वाचलं. दीड पान होतं. शब्द कुठेही चढलेला नव्हता, तक्रारीचा सूर नव्हता. किती वाजता रुग्ण आला, किती वाजता जिन्यावर होता, किती वाजता डॉक्टरांनी तपासलं. वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक चारशे सतरा, बारा ऑगस्ट.

“चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले.

“हे तुम्हाला वाचायला दिलंय. तुमच्या मॅडमना नाही,” साडू म्हणाले. “घरातलं घरात.”

आतून ताई म्हणाल्या, “काय कुजबुज चाललीय दोघांची? पुन्हा कागद काढले वाटतं.”

“कागद नाही, लग्नाची पत्रिका बघतोय,” साडू म्हणाले. “चूक कुठे झाली ते शोधतोय.”

आत दोघी बहिणी हसल्या. पाकीट कपाटात गेलं.

संदर्भरावांना तारखा आणि क्रमांक एकदा पाहिले की विसरता येत नसत. हा काही गुण नव्हे, एक खोड होती. जुन्या भाड्याच्या घराचा मीटर नंबरही त्यांच्या डोक्यात होता. पुढचा आठवडाभर चारशे सतरा त्यांच्या मागे लागला. अधिवेशन तोंडावर आलं होतं. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रश्न द्यायचे होते. मॅडमकडे सहा प्रश्न तयार होते आणि सगळे त्याच त्याच वळणाचे. मॅडम म्हणाल्या, “यात दात कुठे आहेत, संदर्भराव?”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागद पुढे ओढला आणि सातवा प्रश्न लिहायला घेतला. मनात एकच हिशेब होता, की या वेळी प्रश्न खाली घरंगळू द्यायचा नाही. म्हणून दुरुस्ती कोणी करायला हवी होती, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं, की पत्र संचालक कार्यालयात कोणत्या दिवशी पोहोचलं, ते कोणत्या अधिकाऱ्यानं पाहिलं आणि त्यावर काय निर्णय घेतला. एकेका उपप्रश्नानं वरची एकेक पायरी अडवून धरली. हेडक्लार्कचा उल्लेख नाही, मसुदा कोणाचा याचा उल्लेख नाही. साडूंच्या केसालाही धक्का लागणार नाही अशी त्यांची खात्री होती. आणि सवयीनं, हात आपोआप चालावा तसं, पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं: जावक क्रमांक ४१७, दिनांक १२ ऑगस्ट. खाली त्या म्हाताऱ्यांच्या तीन वेळा.

साडूंना फोन करावा असं मनात आलं नाही, असं नव्हे. साडेतीनला त्यांनी फोन हातात घेतला होता. पण विचारलं तर साडू नाही म्हणणार, हे ठाऊक होतं. न विचारता केलं तर नंतर समजावता येईल. पावणेपाचला प्रश्न दाखल झाला.

त्याआधी मॅडमनी सही करताना तो वाचला, तेव्हा चष्म्यातूनच वाचला, वरून नाही. “हा कुठून मिळाला?”

“मिळाला एका ठिकाणाहून.”

“पक्का?”

“पत्र डोळ्यांनी पाहिलंय.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. चांगली बातमी आणणाऱ्याला पत्ता विचारायचा नसतो, असा त्या धंद्यात रिवाज आहे.

प्रश्नाचं छापील उत्तर आलं, त्यात पहिल्या भागासमोर तीन शब्द होते: हे खरे आहे. संदर्भरावांनी ते तीन शब्द दोनदा वाचले. क्रमांक दिला म्हणून. नाहीतर पत्र आढळलंच नसतं. सभागृहात त्या दिवशी गॅलरी भरलेली होती. मंत्री उठले आणि दुसऱ्या भागाचं उत्तर वाचू लागले, की सदर रुग्णालयातील उद्वाहन कार्यरत आहे.

“कुठून कुठपर्यंत?” मॅडमनी विचारलं.

मंत्र्यांनी पानं चाळली. मागच्या अधिकाऱ्यांच्या जागेवरून एक चिठ्ठी पुढे आली. “तळमजला ते पहिला मजला.”

“हृदयरोग विभाग कितव्या मजल्यावर आहे?”

“तिसऱ्या.”

“मग पेशंटनं पहिल्या मजल्यावर उतरून काय करायचं? अधीक्षकांची सही घ्यायची?”

सगळे बाक हसले, सरकारी बाकसुद्धा. मग मॅडमनी आवाज खाली आणून त्या तीन वेळा वाचल्या. आल्याची, जिन्यावरची, डॉक्टरांनी तपासल्याची. हसू तिथेच थांबलं. मंत्र्यांनी साठ दिवसांत राज्यातल्या सगळ्या इस्पितळांच्या लिफ्ट तपासण्याचं आश्वासन दिलं. कुणा कर्मचाऱ्यावर कारवाई, हे शब्द आले नाहीत. संदर्भरावांना वाटलं, जमलं. बावीस वर्षांत एकदा तरी प्रश्न वरच अडकला.

खाली कॅन्टीनमध्ये खात्याच्या प्रश्नशाखेतला कारकून भेटला. बगलेत सदा कागदांचा गठ्ठा असायचा म्हणून त्याला सगळे गठ्ठाच म्हणत. संदर्भराव प्रश्न लिहायचे आणि गठ्ठा उत्तरं; बारा वर्षं दोघे एकमेकांच्या विरोधात लिहीत होते आणि एकाच टेबलावर चहा पीत होते.

“आज तुम्ही आमची चांगली जिरवली,” गठ्ठा म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. “एक विचारू? तो नंबर कशाला घातलात?”

“न घालता तुम्ही कधी कबूल करता का?”

“तेही खरंच.” गठ्ठ्यानं कप फिरवला. “वरचं मूळ पत्र कुणीतरी कधीच फाडून टाकलं होतं. इस्पितळाच्या जावक रजिस्टरात विषय फक्त ‘उद्वाहनाबाबत’. त्या तीन वेळांची नोंद असलेला कागद एकच राहिला होता, ऑफिस प्रत. ती ज्या कपाटात असते त्याची किल्ली हेडक्लार्ककडे. प्रश्न आला त्याच दिवशी संचालकसाहेबांनी कपाट उघडायला लावलं. प्रत तिथे नव्हती. निलंबनाचा आदेश आठ दिवस तयार आहे. सभागृह होईपर्यंत थांबले होते, मॅडमनी तोही मुद्दा काढू नये म्हणून.” तो थांबला. “तुमचा कोण तो?”

“कोणी नाही,” संदर्भराव म्हणाले. त्यांचा चहा तसाच राहिला.

घरी पोहोचले तेव्हा बायको फोन ठेवत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बसली.

“ताईचा होता. त्यांना कामावरून काढलंय.”

“काढलेलं नाही. निलंबित केलंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“मला शब्द शिकवू नका,” ती म्हणाली. “त्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं काय वाचत होतात?”

त्यांनी सांगितलं. काही न वगळता सांगितलं.  शेवटी ती म्हणाली, “विचारायला किती वेळ लागला असता हो? दुनियेला प्रश्न विचारता. घरातल्या माणसाला एक विचारवला नाही?”

दुसऱ्या दिवशी ते साडूंच्या घरी गेले. ताईंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. “भावोजी, तुम्ही आमच्या घरात जेवलात आणि हात धुऊन आमच्याच ताटावर पाणी सोडलंत.” आवाज चढलेला नव्हता. मागून साडू म्हणाले, “येऊ दे त्यांना.” तेव्हा त्या आत निघून गेल्या.

साडू बुटांना पॉलिश करत बसले होते. कुठे जायचं नव्हतं, तरी.

“माझं चुकलं,” संदर्भराव म्हणाले.

“प्रश्न चांगला होता. पेपरात वाचला.” साडूंनी दुसरा बूट घेतला. “वर काय काय अडवलंत ते पाहिलं मी. खालचं एक दार तेवढं उघडं राहिलं.”

“तुम्ही चिडत का नाही?”

“चिडतोय. पॉलिश करताना कमी दिसतं.”

संदर्भराव तिथून तडक मॅडमकडे गेले आणि त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं, की हेडक्लार्क आपले साडू आहेत. म्हणाले, सभागृहात हा निलंबनाचा मुद्दा काढा. खरं बोलणाऱ्याला शिक्षा का, असं विचारा.

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. “मी विचारलं, की तो माणूस आपला आहे हे मीच सिद्ध केलं. आत्ता खात्याकडे पुरावा म्हणून फक्त किल्ली आहे. किल्लीवर संशय येतो, दोष सिद्ध होत नाही. मी बोलले, की झाला सिद्ध.”

“म्हणजे त्यांना असंच सोडायचं?”

“मला आधी सांगितलं असतंत ना, संदर्भराव, की कागद कुठला आहे, तर मी नंबर काढायला लावला असता. मंत्री ‘आढळून येत नाही’ म्हणाले असते. हसू झालं असतं माझं. झालं असतं तर झालं असतं.” त्यांनी चष्मा पुसला. “मी पण विचारायला हवं होतं. मिळालं म्हणून खूश झाले. आता एकच करा, गप्प बसा. चौकशीत काही निघणार नाही.”

मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, आणि संदर्भरावांना ते पटलंही होतं. पण दोषारोपपत्र आलं, त्यात असं लिहिलं होतं, की सदर कर्मचाऱ्याने वैयक्तिक लाभासाठी कार्यालयीन कागद बाहेरील व्यक्तीस पुरवला. वैयक्तिक लाभासाठी. बायकोनं हे शब्द ताईंच्या तोंडून ऐकले आणि त्यांना सांगितले. त्या दिवसापासून संदर्भरावांचं जेवण कमी झालं. चादरीचा कोपरा धरणाऱ्या माणसाला कसला लाभ झाला होता? त्यांनी कधीच कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. आता ते मनात एक खोटं जुळवू लागले. जुळवताना त्याला तारीख आणि वेळही दिली. रविवार, दुपारी अडीच. साडू आत पाणी प्यायला गेले. पाकीट टेबलावर राहिलेलं. मी उघडून वाचलं. त्यांना पत्ता नव्हता. असं झालं तर साडूंकडे फक्त निष्काळजीपणा उरतो. ताकीद मिळेल, सुटतील.

हे त्यांनी साडूंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साडू नको म्हणाले असते.

चौकशी इस्पितळाच्याच एका खोलीत होती, पहिल्या मजल्यावर. जुनी लोखंडी कपाटं बाजूला सारून टेबल मांडलं होतं. चौकशी अधिकारी खात्यातलेच, दमलेले, सौजन्याचे गृहस्थ. संदर्भराव स्वतःहून साक्ष द्यायला आलेत हे ऐकून त्यांनी भुवया वर केल्या. साडू भिंतीशी बसले होते. त्यांनी संदर्भरावांना पाहिलं आणि मान हलवली, नको अशी. संदर्भरावांनी न बघितल्यासारखं केलं.

त्यांनी जुळवलेलं सगळं सांगितलं. आवाज स्थिर होता. टंकलेखक बाई लिहून घेत होत्या.

“म्हणजे कागद तुम्ही चोरून वाचलात,” अधिकारी म्हणाले.

“हो.”

“यांच्या नकळत.”

“हो.”

अधिकाऱ्यांनी साडूंकडे वळून विचारलं, “हे बरोबर आहे?” त्यांचा सूर असा होता, की हो म्हणा आणि आपण सगळे घरी जाऊ. संदर्भरावांना तो सूर कळला. बावीस वर्षं त्यांनी सूर ओळखण्याचं काम केलं होतं.

साडू उभे राहिले. शर्टाची बाही नीट केली.

“नाही साहेब. कागद टेबलावर पडलेला नव्हता. माझा कागद कधी असा पडलेला नसतो. मी कपाटातून काढला आणि यांच्या हातात दिला. वाचा म्हटलं.”

“कशासाठी?”

“सात पत्रं लिहिली होती. एकही कुणी वाचलं नव्हतं. सही करणाऱ्यांनीसुद्धा नाही. एका माणसानं तरी वाचावं असं वाटलं. पुढे पाठवा असं मी म्हटलं नव्हतं, ते यांनी केलं. पण दिला मी.”

खोलीत टंकलेखनाचा आवाज तेवढा चालू राहिला. मग तोही थांबला.

बाहेर आल्यावर दोघे जिन्यानं उतरले. लिफ्टच्या दाराशी दोन कामगार नवी तार ओढत होते. साठ दिवसांपैकी चाळीस झाले होते.

“तुमच्यासाठीच केलं मी,” संदर्भराव म्हणाले.

“मला न विचारता,” साडू म्हणाले. “दुसऱ्यांदा.”  फाटकापाशी थांबून ते म्हणाले, “त्या कागदात मी लिहिलेली एक गोष्ट तरी खोटी होती का? मग मी तो वाऱ्यावर टाकला होता, असं कसं लिहू देईन? नोकरीत माझं म्हणून तेवढंच आहे, साडूभाऊ.”

निकाल दीड महिन्यानं आला. लाभ सिद्ध झाला नाही. कागद दाखवल्याचं सिद्ध झालं, त्यांच्याच कबुलीवरून. हेडक्लार्कचे साधे कारकून झाले आणि सहा तासांच्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात बदली. ताई बरोबर गेल्या नाहीत. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. संदर्भरावांची खोटी साक्ष पेपरात दोन ओळींत छापून आली आणि मंत्र्यांनी सभागृहात ती वाचून दाखवली, की विरोधकांची माहिती कुठून येते पाहा. मॅडमनी संदर्भरावांना काढलं नाही. प्रश्नांची वही मात्र एका नव्या मुलीकडे दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही तपासून देत जा.” ती मुलगी हुशार होती. पत्राचे क्रमांक सगळे घालायची. संदर्भराव एकेक खोडायचे, आणि मग ते पत्र आढळून यायचं नाही.

लिफ्ट एकसष्टाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. पेपरात मंत्र्यांचा फोटो आला, बटण दाबताना.

बहिणी फोनवर बोलत, पण संदर्भराव घरात नसताना. साडूंचा फोन तीन महिन्यांनी आला, रविवारी सकाळी, थेट त्यांनाच. हवापाणी झालं. जेवणाची आबाळ होते का, झालं. मग साडू म्हणाले, “इथली रुग्णवाहिका टायर नसल्यामुळे पाच महिने विटांवर उभी आहे. परवा बाळंतपणात अडलेल्या एका बाईला बैलगाडीतून नेलं.”

संदर्भरावांचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

“नेलं, मग? वाचली?”

“बाई वाचली.” पुढचं साडूंनी सांगितलं नाही.

“वर लिहिलंत का?”

“लिहिलं. दोनदा.”

पलीकडे कुठेतरी दाराची कडी वाजली. संदर्भराव म्हणाले, “विचारू का सभागृहात? तुम्ही म्हणाल तरच. नंबर नको, गावाचं नाव नको.”

पलीकडे साडूंनी दार ओढून घेतलं.

“विचारलंत, बरं केलंत,” ते म्हणाले. “इथे आम्ही तिघेच आहोत ऑफिसात. नंबर नसला तरी त्यांना शोधायला एक दिवस लागणार नाही. आणि दुसरा जो कारकून आहे त्याला दोन लहान मुलं आहेत. नका विचारू.”

“बरं,” संदर्भराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको दारात उभी असलेली दिसली. “काय म्हणत होते?”

“बरे आहेत म्हणाले.”

ती गेली नाही. दाराला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते टेबलावरच्या पेनाकडे.